सहा टिंबांची स्वरलिपी

दृष्टिहीन मुलं संगीत कशी शिकतात ते पाहून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. मी गेलो पेटीच्या वर्गात आणि तिथेच रेंगाळलो.

सर एका लहान मुलीचा हात काळ्या पट्ट्यांवरून फिरवत होते. दोन पट्ट्या, मोकळी जागा, मग तीन, पुन्हा मोकळी जागा. ‘‘ही काळी एक, ही दोन. पुढे तीन, चार, पाच. आता पांढरी तीन दाखव बरं.’’ मुलीने चाचपत काळी दोन गाठली आणि तिच्या उजवीकडची पांढरी अचूक दाबली. पेटीवर वेगळी खूण चिकटवावी लागली नाही. पेटी मुळातच बोटांना वाचता येते. या वर्गात ‘असं धर’, ‘इकडे बघ’ चालत नाही. सर मनगटाला हात लावून बोट वळवतात आणि त्या बोटाचं नावही घेतात.

वाजवणं असं जमतं. घोडं अडतं ते वहीपाशी.

लुई ब्रेलने १८२९ साली पॅरिसमध्ये आपली लिपी पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा शीर्षकातच शब्दांच्या जोडीला संगीत होतं. तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. त्याच्या पद्धतीत वरची चार टिंबं स्वर सांगतात आणि खालची दोन त्याची लांबी. एका चौकटीत दोन्ही! ही रचना मला थोर वाटते. पियानोवाला निदान एका हाताने वाचत दुसऱ्याने वाजवू शकतो. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. वाचायला हातच उरत नाही. म्हणून आधी बोटांनी वाचून पाठ करायचं, मग वाजवायला बसायचं.

आपल्या रागसंगीताच्या भातखंडे स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. ब्रेलमध्ये अक्षराच्या वर-खाली जागा नसते. प्रत्येक खूण ओळीतच, स्वराच्या मागेपुढे बसवावी लागते.

विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या याच माणसाने स्वरलिपी रचली, पुस्तकं छापली. दृष्टिहीन मुलांची मात्र ‘तुमचा कान तयार असतो’ म्हणून बोळवण होते, हे मला सलतं. कान तयार असलेले डोळस गवईही वही ठेवतातच की!

लेखी परीक्षेत तर हे फारच जाचतं. मूल सांगतं, लेखनिक लिहितो. त्या लेखनिकाला तालाची सम कुठे, खाली कुठे हेच कळत नसेल, तर तोंडपाठ बंदिश कागदावर चुकीची उतरते आणि गुण जातात मुलाचे.

तुम्हाला स्वरलिपी येत असेल, तर जवळच्या अंधशाळेत जाऊन लेखनिकासाठी काय अटी आहेत ते विचारा. अटींत बसत असाल तर नाव नोंदवा, आणि पेपरच्या आधी एकदा त्या मुलाबरोबर सरावाला बसा.