शिकंजा मोडला तेव्हां

आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत पुस्तकबांधणीचें काम ऐन रंगांत आलें असतां शिकंज्याच्या मळसूत्राचे आटे झिजून तो आवळेनासा झाला, व त्याच दिवशीं टोच्याचें टोंक मोडलें. टेबलावर एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा मोल्सवर्थकृत मराठी-इंग्रजी कोश, १८५७ सालची दुसरी आवृत्ति, सुटलेल्या जुजांसह पडला होता. (जुज म्हणजे एकांत एक घालून दुमडलेल्या पानांची जुडी.) कोशाचें पुनर्मुद्रण मिळेल, परंतु समासांतील आजोबांच्या हातचीं टिपणें कोठून मिळावीं? तेव्हां सर्व काम त्या विद्यार्थ्याच्या घरीं नेऊन, तेथें सांपडेल त्या सामग्रीवर तें तडीस नेण्याचें आम्हीं ठरविलें.

गोधडीच्या सुईचें नेढें बाटलीच्या बुचांत खोचतांच टोचा तयार झाला. घडी घोटण्यास कंगव्याची पाठ पुरली. चमच्याची दांडीही चालते. मात्र धातूचा काळसर डाग उमटूं नये म्हणून मध्यें कोरा कागद धरावा. शिवणीच्या चौकटीसाठीं चौरंग उपडा ठेवून त्याच्या दोन पायांस आडवी काठी बांधिली, आणि काठीपासून खालच्या फळीच्या कडेपर्यंत सुती फिती ताणून लहान चुकांनीं ठोकल्या. चौरंग जुना निवडावा. पूजेचा घेतल्यास काय ऐकावें लागेल, हें वाचकांनींच ताडावें!

खळीसाठीं एक वाटी मैदा पांच वाट्या थंड पाण्यांत गुठळी न राहील असा कालवून, मंद आंचेवर चकाकी येईपर्यंत ढवळला. जुने कारागीर किडीच्या भयानें खळींत मोरचूद घालीत. तें विष असल्यामुळें मुलांच्या हातीं देऊं नये. लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

शिकंज्याऐवजीं दोन सपाट फळ्या व त्यांवर स्वयंपाकघरांतील पाटा ठेविला. पाट्यानें आपलें काम चोख केलें. घाई आम्हींच केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुस्तक काढिलें, तों दुपारपर्यंत दोन्ही पुठ्ठे बाहेरच्या अंगास वांकले. कारण उघड होतें. खळीनें ओलें झालेलें वरचें आच्छादन पसरतें, व वाळतांना आंखडून पुठ्ठ्यास आपल्याकडे ओढतें. आंतून तशीच ओढ दिल्यावांचून पुठ्ठा सरळ राहात नाहीं. म्हणून आंतल्या बाजूस अस्तरकागद चिकटविला.

तो लावतांना कागदाच्या तंतूंची दिशा पाहिली. कागदाचा तुकडा एका बाजूनें ओला केल्यास वळून त्याची नळी होते. नळीच्या लांबीची दिशा तीच तंतूंची. ही दिशा पुस्तकाच्या पाठीशीं समांतर ठेवावी, कारण ओला कागद तंतूंच्या आडव्या अंगानें अधिक फुगतो. पुठ्ठा व पानें यांमध्यें मेणकागद घातला, त्यामुळें ओल पानांत उतरली नाहीं.

या खेपेस पाटा चार दिवस हलविला नाहीं. पांचव्या दिवशीं कोश उघडला. पुठ्ठे सरळ होते, आणि आजोबांचें एकही टिपण शिवणींत गेलें नव्हतें. विद्यार्थ्याच्या मातोश्रींनीं कोशाकडे एकवार पाहिलें व पाटा उचलून आंत नेला. चार दिवस घरांत चटणी वाटली गेली नव्हती.