परदेशी पाहुणा आणि जावक क्रमांक

परदेशातला अभ्यासक आपल्याकडे विमानाने येतो हे खरे, पण त्याला आणतो तो एक कागद. विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचा, जावक क्रमांक पडलेला, सही-शिक्क्याचा. हा कागद कोण लिहितो, कोणाच्या सहीने निघतो, यावर पाहुणा कोणता महाराष्ट्र पाहून परत जाणार हे पुष्कळसे ठरते. आपल्या कार्यकर्त्यांनी आजवर ही बाब कारकुनी म्हणून सोडून दिली. ती सोडून देण्यासारखी नाही, असे माझे मत आहे.

एलिनॉर झेलियट यांचे उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरचा त्यांचा प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात पुरा झाला. त्यासाठी त्या १९६० नंतरच्या दशकात पुण्यात व महाराष्ट्रात राहिल्या. या विषयाचे कागद तेव्हा विद्यापीठांच्या कपाटांपेक्षा कार्यकर्त्यांच्या ट्रंकांतच अधिक सापडत. नागपूरचे वसंत मून यांच्यासारख्यांनी ते जपले होते. मून यांच्या 'वस्ती'चा इंग्रजी अनुवाद २००१ साली गेल ऑम्वेट यांनी केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली झेलियट यांनी. म्हणजे या अभ्यासाची खरी यजमान वस्तीच होती. मात्र वस्तीला लेटरहेड नसते. तिने चहा दिला, कागद दिले, आठवणी दिल्या; निमंत्रणाचा मान तिच्याकडे कधी आला नाही. (ऑम्वेट यांनी १९८३ साली भारतीय नागरिकत्वच घेतले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत निमंत्रणपत्राचा प्रश्नच मिटला. प्रत्येक अभ्यासकाकडून एवढी अपेक्षा कशी करावी!)

आता पद्धत सांगतो. पर्यटकाच्या व्हिसावर येऊन परिषदेत निबंध वाचता येत नाही. परिषदेसाठी वेगळा व्हिसा, संशोधनासाठी वेगळा. संशोधकाला इथल्या मान्यताप्राप्त संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते, आणि १८० दिवसांहून अधिक राहायचे असल्यास आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. परिषद घ्यायची तर आयोजक संस्थेचे निमंत्रण, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मान्यता आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला मान्यता, अशी सर्वसाधारण वाट आहे. निमंत्रणपत्रात पाहुण्याचे नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे, एक अक्षर इकडेतिकडे नको. पासपोर्ट क्रमांक, तारखा, विषय, ठिकाण, प्रवास व निवासाचा खर्च कोण करणार, इथे जबाबदार व्यक्ती कोण, हे सारे त्यात यावे. आणि एक सावधगिरी : कार्यक्रमासाठी पाहुण्याच्या विद्यापीठाकडून पैसे घेण्याचा मोह आपल्या मंडळांना होतो. २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी वा परवानगी नसताना असा पैसा घेणे हा गुन्हा आहे. डॉलर दिसले की आपले विरोधक हाच कायदा आधी उघडतात.

यातली राजकीय मान्यता हा केवळ उपचार आहे असे कोणी समजू नये. १५ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनाही पूर्वमान्यतेची अट घातली. देशाची सुरक्षा, सीमा आणि 'अंतर्गत बाबीं'शी निगडित विषयांवर अशा परिषदा होऊ नयेत, असा तिचा रोख होता. विज्ञान अकादमींनी विरोध केला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आदेश मागे घेण्यात आला. 'अंतर्गत बाब' हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा आहे. २००१ साली दरबानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न मांडायला भारत सरकारने विरोध केला, तो याच धर्तीच्या युक्तिवादाने. जात ही घरची गोष्ट, बाहेर बोलायची नाही! पुढे मार्च २०२२ मध्ये ब्रिटनचे मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांना तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले. ते केरळच्या मच्छीमार समाजावरील परिषदेसाठी आले होते.

पण दिल्लीच्या मान्यतेपूर्वी आपल्याच इमारतीतली मान्यता आडवी येते. निमंत्रणाचा प्रस्ताव कोण ठेवू शकतो? कायम नोकरीतला प्राध्यापक. आपल्यातले पहिल्या पिढीचे पदवीधर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. त्यांना दालन नाही, विभागाच्या फलकावर नाव नाही, मग पत्रावर सही कुठली? मी तासिका तत्त्वावर असताना एका परदेशी अभ्यासकाशी सहा महिने पत्रव्यवहार करून त्यांना आमच्या महाविद्यालयात यायला राजी केले. फाइल पुढे गेली तेव्हा यजमान म्हणून तिच्यात दुसऱ्याच प्राध्यापकांचे नाव होते. व्याख्यानाच्या विषयातला 'जात' हा शब्द जाऊन तिथे 'परंपरा आणि परिवर्तन' आले होते. मंचावर माझ्या वाट्याला पुष्पगुच्छ आणून देणे आले. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, म्हणूनच तो इथे नोंदवतो.

म्हणून कायम झालेल्या आपल्या शिक्षकांवर एक जबाबदारी येते. प्रस्ताव आपण स्वतः लिहावा, विषयाचे शब्द आपण ठरवावे, आणि तासिकेवरच्या सहकाऱ्याने पत्रव्यवहार केला असेल तर सहयजमान म्हणून त्याचे नाव प्रस्तावातच घालावे. मागाहून भाषणात आभार मानणे म्हणजे नोंद नव्हे. तसेच पाहुण्याच्या कार्यक्रमपत्रिकेत वस्तीची भेट तारीख-वेळेसह छापावी. एरवी पाहुणा गणेशखिंडीतल्या विद्यापीठात येतो, शनिवारवाडा पाहतो आणि जातो. बिबवेवाडीत, जिथे मी राहतो तिथे, अप्पर इंदिरानगरच्या एका चाळीत तो दोन तास बसला तर त्याला पुणे नावाचे दुसरे शहर कळेल.

आणि तो आपल्या घरी मुक्कामाला राहिला तर? अवश्य ठेवावा. फक्त परकीय पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. तिलाच सी फॉर्म म्हणत आले आहेत. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी कळवण्याची जबाबदारी राहिलीच आहे. पाहुणा यायच्या आधीच त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत मागवून ठेवावी. बेल वाजवून चौकशीला कोणी आले तर भरलेल्या फॉर्मची छापील प्रत दारातच दाखवता येते, आणि घरातली म्हातारी माणसे घाबरत नाहीत.

वेळेचा अंदाज माझ्या अनुभवावरून सांगतो. १४ एप्रिलला पाहुणा हवा असेल तर प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्यांच्या टेबलावर पडला पाहिजे. जानेवारीत महाविद्यालये स्नेहसंमेलनात गुंतलेली असतात, मार्चमध्ये परीक्षेत; आणि जावक क्रमांक देणारा कारकून तर बारा महिने रजेवर असतो असे वाटावे, इतका तो दुर्मीळ.