कानाजवळची बिजागरी

मंडळी, घास चावताना कानापाशी 'कट्' असा आवाज होतो. जांभई देताना कळ येते. सकाळी जबडा आखडलेला वाटतो. घरचे म्हणतात, "कान दुखतोय, कोमट तेल सोड." पण पुष्कळदा हे दुखणे कानाचे नसतेच. ते असते कानाला लागून असलेल्या जबड्याच्या सांध्याचे.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काही हलते ना? तोच हा सांधा. दाराची बिजागरी जागच्या जागी फिरते. हा सांधा फिरतो आणि पुढे सरकतोही. दोन हाडांमध्ये एक चिवट चकती गादीसारखी बसलेली असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना आवाज होतो. शिवाय उजवा आणि डावा सांधा एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे आहेत. एक अडला की जबडा त्या बाजूला ओढला जातो.

हे होते कशाने? १९३४ साली अमेरिकेतील डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी, दाढा पडल्याने सांध्यावर दाब येतो, असे मांडले. पुढे तेवढे कारण पुरेसे नाही असे दिसून आले. झोपेत करकर दात खाणे, काळजीत दात आवळून धरणे, जबड्याला लागलेला मार, संधिवात, अपुरी झोप, मनावरचा ताण, यांतली दोन-तीन कारणे बहुधा एकत्र येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे अधिक आढळते.

नुसता आवाज होतो, दुखत नाही, तर औषधाची गरज नाही. दुखत असेल तर काही दिवस मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी खावी. ऊस, फुटाणे टाळावेत. गरम शेक घ्यावा. जांभई येताच हनुवटीला हाताचा आधार द्यावा. ओठ मिटलेले, पण दात सुटे, ही सवय लावावी. बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो. त्यासाठी दात काढण्याची किंवा घासून घेण्याची घाई करू नये.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तोंड उघडे राहून जबडा अडकला, तर घरी ओढाताण न करता दवाखाना गाठा. जखम झाल्यानंतर तोंड उघडेना, मान ताठली, तर तो धनुर्वात असू शकतो; क्षणभरही थांबू नका. आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्याला तिखट झोंबू लागले, तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागले, तर दोष सांध्याचा नव्हे, गालाच्या आतील अस्तराचा. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी मुलांच्या हाती लागते. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये बसतात का, हे मुलांना पाहायला सांगा. ज्याची बसत नाहीत, त्याला रागावू नका, दवाखान्यात न्या.