शेवटी निघणारा, पहिला पोचणारा

अमेरिकेत एखाद्या मोठ्या गायिकेचा दौरा चालू असताना सभागृहाच्या मागच्या दाराशी रात्री उभं राहिलं, तर आधी नजरेत भरतात त्या पेट्या. काळ्या प्लायवुडच्या, कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांवर धातूच्या गोल टोप्या, खाली चार चाकं. अशा शेकडो. त्यांतली एखादी मोजायला घेतली तर रुंदी बहुतेक २२.५ इंच निघते, नाहीतर ३०, नाहीतर ४५. आकडे विचित्र वाटतात. पण जरा पाढे आठवा: साडेबावीस चोक नव्वद, तीस त्रिक नव्वद, पंचेचाळीस दुणे नव्वद. ट्रेलरची आतली रुंदी शंभर इंचांच्या आसपास असते. हात घालायला, पट्टा ओढायला थोडी फट सोडली की उरतात नव्वद.

युरोपातले ट्रेलर आतून साधारण २.४८ मीटर रुंद, म्हणून तिकडे पेटी ६० सेंटीमीटरची. चार पेट्या शेजारीशेजारी लावल्या की २४०. झालं काम.

पहिल्यांदा हा हिशेब लक्षात आला तेव्हा मी बराच वेळ त्यातच अडकून राहिलो. स्टेजवर जे काही झगमगतं त्याचं माप आधी ट्रकने ठरवलेलं असतं! दिवे, स्पीकर, कपड्यांचं कपाट, ड्रमचा चौथरा, सगळं नव्वद इंचांच्या शिस्तीत बसवलेलं. नेपथ्यकाराला ४० फुटांचा चंद्र हवा असला तरी ट्रेलरच्या दारातून जातील अशा त्याच्या फाका कराव्या लागतात.

ट्रेलर ५३ फूट लांब, म्हणजे आपल्या एसटीच्या दीडपटीला टेकणारा. मालवाहू गाड्यांना असतात तसे पोलादी पाटे त्याला सहसा नसतात. त्याचा डोलारा हवेच्या फुग्यांवर बसवलेला असतो, कारण आत दिव्यांची नाजूक आरशांची यंत्रणा असते आणि खड्ड्याचा एक दणका महाग पडतो. हिवाळ्यात आणखी एक गंमत. शून्याखालच्या थंडीत रात्रभर प्रवास केलेली गिटार उबदार सभागृहात लगेच बाहेर काढली तर तिला दव धरतं, लाकूड तडकायची भीती असते. म्हणून पेटी उतरवून तशीच बंद ठेवतात. काही तास कोणी हात लावत नाही.

ड्रायव्हर माल स्वतः क्वचितच उचलतो. ते काम गावोगावच्या हमालांचं. तो उभा असतो ट्रेलरच्या तोंडाशी आणि त्याचं लक्ष असतं दोन गोष्टींवर: पेट्यांचा क्रम आणि वजन. अमेरिकेत ट्रक मालासकट ८०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६ टनांच्या आत असावा लागतो. शिवाय पुढच्या, मधल्या आणि मागच्या अ‍ॅक्सलांवर किती भार पडावा हेही ठरलेलं. सगळ्या जड पेट्या शेपटाकडे गेल्या तर एकूण वजन नियमात बसूनही गाडी अडवली जाते. म्हणून तो मध्येच हात वर करतो, एक पेटी परत बाहेर घ्यायला लावतो. रात्री दीड वाजता हे सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

आता क्रमाबद्दल. या धंद्यातलं माझं सगळ्यात लाडकं कोडं इथेच आहे.

सकाळी रिकाम्या सभागृहात सगळ्यात आधी काय लागतं? दिवे नाहीत, स्पीकर नाहीत. लागतात साखळीच्या मोटरी. छतावर चढणारे कारागीर आधी जमिनीवर खडूने खुणा करतात. वरून पाहिलं तर ठिपक्यांची रांगोळीच. प्रत्येक ठिपक्यापाशी एक मोटर येते. साखळीचं टोक छताला अडकवतात आणि मोटर खाली दिव्यांच्या सांगाड्याला बांधतात. बटण दाबलं की मोटर आपलीच साखळी गिळत वर चढू लागते, पाठीवर टनभर ओझं घेऊन. विहिरीच्या रहाटाचं बरोबर उलट: इथे रहाटच बादलीबरोबर वर जातो.

कार्यक्रम संपल्यावर हेच सगळं उलट क्रमाने. आधी वाद्यं निघतात, मग नेपथ्य, पडदे, स्पीकर, दिवे. मोटरी सगळ्यांत शेवटी, कारण बाकीचं सगळं त्यांच्यावरच टांगलेलं असतं. म्हणजे रात्री जी वस्तू शेवटी मोकळी होते तीच उद्या सकाळी पुढच्या गावात सगळ्यांच्या आधी हवी असते. वाद्यांचा ट्रक बाराच्या सुमारास निघू शकतो आणि पुढच्या गावी त्याला दुपारपर्यंत कोणी विचारत नाही. मोटरींचा ट्रक दोनला निघतो आणि सात वाजता त्याचं दार उघडायचं असतं. त्या रात्रीचा सर्वांत अवघड हिशेब त्या एका ड्रायव्हरच्या वाट्याला.

हे कोडं आपल्याला परकं नाही. लहानपणी जत्रेच्या दिवशी सकाळी तमाशाच्या फडाचा ट्रक गावात शिरायचा आणि आम्ही पोरं मागे धावायचो. आम्हाला पेटी-ढोलकी बघायची असायची, पण फाळका पडला की आधी खाली यायचे खांब, दोरखंड, कनातीच्या वळकट्या. रात्रीचा वग संपल्यावर उतरायची शेवटी तीच कनात, आणि पुढच्या गावच्या माळावर उभी राहायची आधी तीच. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येऊन जत्रेची सुपारी देतात. तिथे तारखा ठरवताना फडाच्या मालकाच्या डोक्यात हाच हिशेब चालत असणार: आज कुठे, उद्या कुठे, मधला रस्ता किती.

अमेरिकेत हा हिशेब कायद्याने बांधलाय. सलग १० तास विश्रांती झाल्यावर ड्रायव्हरचं घड्याळ सुरू होतं. तिथून १४ तासांच्या आत गाडी चालवायची, आणि त्यातही प्रत्यक्ष चाकामागे जास्तीत जास्त ११ तास. पूर्वी ही नोंद वहीत व्हायची आणि वहीत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ पासून ती इंजिनाला जोडलेल्या यंत्रात होते. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, आणि दिवसाला ९ तास. आठवड्यातून दोनदाच १० तासांची मुभा.

आता गणित मांडून पाहू. गाणं ११ ला संपलं. शेवटच्या ट्रकचं दार २ ला बंद झालं. सकाळी ७-८ ला माल उतरायला हवा. हातात राहिले पाच-सहा तास, म्हणजे रस्ता चांगला असला तरी पाचशेच्या आत-बाहेर किलोमीटर. मुंबई ते नागपूर या हिशेबात बसत नाही, समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे. त्यामुळे लागोपाठच्या दोन रात्री कार्यक्रम ठेवायचे असतील तर दोन गावांमधलं अंतर एका रात्रीत कापता येण्याजोगं असावं लागतं. त्याहून लांब असेल तर एका केबिनमध्ये दोन ड्रायव्हर: एक चालवतो, दुसरा सीटमागच्या बर्थवर झोपतो. अमेरिकेत अशा काही जोड्या नवरा-बायकोच्या असतात. एकाच घरात राहून एकमेकांना जागेपणी फारसं न भेटणारा संसार!

ही वरात इतकी मोठी झाली कधी? १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर लोकांपुढे गायले, तेव्हा त्यांचा आवाज स्टेडियमच्या स्वतःच्या कर्ण्यांवरून लोकांपर्यंत जात होता, आणि किंचाळ्यांमध्ये तो फारसा कोणाला ऐकू आला नाही. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ या लहानशा गावातले दोघे क्लेअर बंधू जवळच्या एका कॉलेजात फोर सीझन्स या गटाच्या कार्यक्रमाला स्पीकर लावायला गेले. गटाला आवाज इतका आवडला की त्यांनी भावांना सगळा सरंजाम घेऊन आपल्याबरोबरच फिरायला सांगितलं. तोवर जिथे जावं तिथले स्पीकर वापरावेत अशी रीत होती. आता आवाजही गावोगाव प्रवास करू लागला, आणि त्याला ट्रक लागू लागले.

मग १९७४. ग्रेटफुल डेड या गटाने स्पीकरची अक्षरशः भिंत उभारली, सुमारे ७५ टनांची. चार ट्रेलर आणि २१ माणसं तिच्या दिमतीला. ती उभारायला इतका वेळ लागायचा की स्टेजचे दोन सांगाडे ठेवावे लागले. एकावर गाणं चालू असताना दुसरा पुढच्या गावी जायचा. बेडूकउड्यांची ही युक्ती पुढे मोठ्या दौऱ्यांनी उचलली. भिंत मात्र वर्षभरही टिकली नाही. तिला हलवण्याचा खर्च गटाच्या नाकी नऊ आणणारा होता.

यू-टू या गटाच्या २००९ ते २०११ च्या दौऱ्यात याचं टोक गाठलं गेलं. मैदानाच्या मधोमध चार पायांवर उभा राहणारा, ५० मीटर उंचीचा पोलादी पंजा. एक पंजा उभारायचा तर काही दिवस लागणार, म्हणून असे तीन बनवले. एकाखाली गाणं, दुसरा पुढच्या शहरात चढतोय, तिसरा मागच्या शहरात उतरतोय. सगळ्यांना मिळून सुमारे १२० ट्रक. प्रेक्षकाला वाटतं एकच कार्यक्रम गावोगाव फिरतोय. प्रत्यक्षात तो एका वेळी तीन शहरांत पसरलेला असतो.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या गटाचे कार्यक्रम नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला झाले आणि अहमदाबादला २५ व २६ ला. अंतर रात्रभराचं, तरी मध्ये तीन दिवस मोकळे. मला तारखा वाचताना पूर्वी गायकांच्या विश्रांतीचा विचार यायचा. आता मोकळा दिवस दिसला की मी मनात पेट्या मोजायला लागतो.

ड्रायव्हरकीचा आणि स्टेजचा जवळचा नातेसंबंध बघायचा असेल तर तो मायकेल टेट या माणसाचा. ऑस्ट्रेलियाहून लंडनला आलेला हा गडी १९६८ च्या सुमारास येस या गटाची गाडी चालवू लागला. हळूहळू दिवे बघू लागला, वस्तू बनवू लागला, आणि १९७८ च्या दौऱ्यासाठी त्याने प्रेक्षकांच्या मधोमध फिरणारं गोल स्टेज बनवलं. त्यातून निघालेली टेट टॉवर्स ही कंपनी आज जगातल्या बड्या दौऱ्यांची नेपथ्यं बनवते, तीही त्याच लिटिट्झमध्ये. फिरत्या रंगमंचाचं आपल्याला कौतुक सांगायची गरज नाही, १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’ने ती हौस फिटवली आहे. पण गाडी चालवलेल्या माणसाने स्टेज काढलं तर ते कसं असेल? सुटं होणारं आणि ट्रकमध्ये मावणारं.

ब्रिटिश ड्रायव्हरांना २०२१ पासून वेगळीच डोकेदुखी आहे. युरोपीय संघातून देश बाहेर पडल्यावर ब्रिटिश ट्रकला माल घेऊन संघात गेल्यावर तिथे आणखी दोनच खेपा करता येतात, मग घरी परत. माद्रिद, पॅरिस, बर्लिन, प्राग असा साधा दौराही त्यात बसत नाही. काही कंपन्यांनी मग युरोपात दुसरं बस्तान मांडलं. शिवाय सीमेवर कार्नेट दाखवायचा, म्हणजे आतल्या मालाची यादी. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, केबल, सगळं त्यात नोंदलेलं. जे आत गेलं तेच बाहेर आलं हे सिद्ध करायचं, पहाटे चार वाजता, पावसात.

पैशांचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ मध्ये एक बातमी जगभर फिरली. टेलर स्विफ्टने आपल्या इराज दौऱ्याच्या जवळपास ५० ट्रकड्रायव्हरांना प्रत्येकी १ लाख डॉलर बक्षीस दिले, तेव्हाच्या दराने ८० लाख रुपयांहून जास्त. सोबत हाताने लिहिलेलं पत्र. बातमी होण्याचं कारण उघड आहे: असं रोज घडत नाही. मला त्या रकमेपेक्षा त्या दिवसांत लोकांना पडलेला प्रश्न जास्त बोलका वाटला. गाण्याच्या कार्यक्रमाला पन्नास ट्रक कशाला लागतात, असं कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदाच विचारलं.

आणि हे ड्रायव्हर कार्यक्रम बघतात का? दौऱ्याच्या सुरुवातीला एखादा बघतात. नंतर झोप महाग होते. सकाळी माल उतरला की नऊच्या सुमारास गाडी मागच्या आवारात लावायची, काचांना पडदे ओढायचे, बूट दाराशी काढायचे, कारण केबिन हेच घर. दिवसा झोपायचं, संध्याकाळी अंघोळ, जेवण, जमलं तर घरी फोन, आणि पुन्हा पडायचं. तोवर आत गाणं सुरू झालेलं असतं. शब्द केबिनपर्यंत येत नाहीत. उंच सूर भिंती अडवतात, खर्ज मात्र जमिनीतून येतो आणि बर्थची फळी हलवतो. तीच गाणी त्याच क्रमाने महिनोन्महिने. त्यामुळे तो ठोका कुठल्या गाण्याचा हे अंथरुणात पडल्यापडल्या कळतं, आणि त्यावरून किती वाजले तेही. हा संथ ठोका आला म्हणजे अजून चाळीस मिनिटं. हा जलद आला म्हणजे दोन गाणी राहिली.

मग तो उठून बसतो आणि अंधारात पायाने बूट शोधतो.