अंगणातील गोड चेरी: काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

गोड चेरीचे झाड वसंतात फुलांनी लगडते आणि तरीही त्याला फळ धरत नाही, तेव्हा दोष खतापाण्याचा आहे असे मानून हौशी बागकाम करणारे खताचे प्रमाण वाढवत जातात. वस्तुतः अशा वांझपणाचे मूळ बहुधा मशागतीत नसून वाणाच्या निवडीत असते.

एकच झाड पुरेसे असते, ही समजूत अशा रूढ समजुतींत सर्वांत महागात पडणारी आहे. या फळाच्या बहुतेक वाणांमध्ये स्वविसंगती आढळते, म्हणजे फुलातील स्त्रीकेसर आपल्याच वाणाचा परागकण ओळखतो आणि त्यातून निघणाऱ्या परागनलिकेची वाढ बीजांडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रोखतो. जवळ दुसऱ्या वाणाचे झाड लावले की प्रश्न सुटतो, हेही अर्धसत्यच आहे, कारण बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन हे तिन्ही प्रसिद्ध वाण एकाच विसंगती गटातील असल्याने परस्परांना निरुपयोगी ठरतात. जोडीदार वेगळ्या गटातला हवा आणि त्याच सुमारास फुलणाराही हवा. इंग्लंडमध्ये क्ष-किरणांचा मारा केलेल्या परागांपासून स्वफलनक्षम रोपे मिळाली आणि त्यांच्या वंशातून कॅनडातील समरलँड येथील संशोधन केंद्राने 1968 मध्ये ‘स्टेला’ हा वाण दिला, तेव्हापासून एकाच झाडावर भागवणे शक्य झाले. अर्थात पराग वाहून नेण्यासाठी मधमाश्या अशा झाडालाही लागतातच.

थंड हवेचे कोणतेही ठिकाण चेरीला मानवते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. हिवाळ्यातील सुप्तावस्था संपण्यासाठी या झाडाला साधारणपणे 7 अंश सेल्सियसखालील थंडीचे 800 ते 1200 तास लागतात. ते काश्मीर खोऱ्यात किंवा अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सहज मिळतात, महाबळेश्वरला मिळत नाहीत. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत चेरी म्हणून मिळणारे रोप अनेकदा ॲसेरोलाचे असते, ज्याचे कूळच निराळे आहे, तर केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा पाकवलेले करवंद असते.

खाल्लेल्या फळाची बी रुजवून त्याच जातीचे झाड मिळत नाही, कारण परपरागीभवनामुळे संततीचे गुण बदलतात. म्हणून खुंटावर, म्हणजे मुळांचा भाग पुरवणाऱ्या रोपावर, हव्या त्या वाणाचे कलम बांधतात. झाडाची उंची मुख्यतः हा खुंटच ठरवतो: रानचेरीच्या खुंटावर झाड घराहून उंच जाऊ शकते, तर जर्मनीतील ‘गिझेला 5’ या खुंटावर ते जाळीखाली झाकता येईल इतके आटोपशीर राहते, आणि पक्ष्यांपासून पीक वाचवण्याचा जाळीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

फळझाडांची छाटणी हिवाळ्यात करावी, हा सफरचंदाचा नियम चेरीला लावणे धोक्याचे आहे, कारण थंड व ओल्या हवेतील जखमांमधून रुपेरी पान रोगाची बुरशी आणि डिंक्या आणणारे जिवाणू खोडात शिरतात. छाटणी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत करणे योग्य. पिकत आलेली फळे तडकतात तीही केवळ सिंचनातील अनियमिततेमुळे नव्हे, तर सालीवर साचलेले पावसाचे पाणी थेट आत शोषले गेल्यानेही.

आंब्याप्रमाणे अढीत घालून चेरी पिकवता येत नाही, कारण तोडल्यानंतर तिची गोडी वाढत नाही. ती झाडावरच पूर्ण पिकू द्यावी आणि देठासह तोडावी, मात्र देठामागची आखूड फळफांदी मोडू नये, कारण पुढील अनेक वर्षांचा बहर तिच्यावरच येतो.