काका, परवाना कुठला?

प्लेसमेंट झाली की पहिल्या पगाराच्या आधी एक माणूस हमखास भेटतो. हसरा चेहरा, बगलेत फाईल, आणि "तुझ्या भल्याचंच सांगतोय". आमच्या गडचिरोलीत तो तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की येतो. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक स्टॅंडर्ड बॅग. त्या उन्हातल्या कामाचे पैसे एकदम येतात आणि पुढे कितीतरी महिने पुरवायचे असतात. माझ्या आत्याने त्यातूनच एक पॉलिसी घेतली. हप्ता दरवर्षी भरायचा असतो हे तिला दुसऱ्या वर्षी समजलं! पॉलिसी बंद पडली. (२०२४ पासून पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत परत करता येते. हे लक्षात ठेवा.)

मग मी शोधायला बसले, की असा सल्ला द्यायला शिक्षण तरी किती लागतं?

विमा एजंट व्हायला दहावी पास आणि एक परीक्षा. म्युच्युअल फंड विकायला एनआयएसएमची सिरीज पाच-ए: १०० प्रश्न, ५० मार्कांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. (आपल्या एम-थ्रीचं असं असतं तर!) ही एनआयएसएम सेबीने २००६ मध्ये काढली, कॅम्पस रायगडात पाताळगंगेला आहे. पास झालात की अ‍ॅम्फीचा एआरएन नंबर मिळतो. पण हे दोघेही विक्रेते, त्यांना कमिशन कंपनी देते. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत हवं.

सल्लागार वेगळा. त्याची फी आपण देतो, म्हणून २०१३ च्या नियमांनुसार त्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते. २०२० मध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव अशी कडक अट आली. डिसेंबर २०२४ मध्ये पदवीवर भागवून अनुभवाची अट काढली. दहा-ए आणि दहा-बी हे पेपर मात्र आहेतच. एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराला कमिशनवर विक्री करता येत नाही, आणि विक्रेत्याला स्वतःला 'वेल्थ अ‍ॅडव्हायझर' म्हणवता येत नाही. काही काकांची व्हिजिटिंग कार्डं आठवून बघा.

आणि सीएफपी? १९७३ मध्ये अमेरिकेत पहिल्या तुकडीत ४२ जण होते, आज भारतातही ते करता येतं. टॅक्स, विमा, निवृत्ती असं सगळं एकत्र शिकवतात, वर अनुभव आणि आचारसंहिता. पण तो परवाना नव्हे. इलेक्ट्रिकलची डिग्री असली तरी वायरिंगचं कंत्राट घ्यायला वेगळं लायसन्स लागतं ना, तसंच.

एक खटकलं. मी चाळलेल्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक उदाहरण 'दरमहा पगार' ने सुरू होतं. वर्षातून एकदा पैसे येणाऱ्या घराचं गणित मला त्यात सापडलं नाही, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत अशी घरं कमी नाहीत.

तर काका आले की नंबर विचारा. आयएनएने सुरू झाला तर सल्लागार, एआरएनने सुरू झाला तर विक्रेता. आयएनए नंबर सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. हॉस्टेलच्या वाय-फायवरसुद्धा उघडते, रात्री अकरानंतर.