आकडा कमी झाला, पण कशामुळे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईडसमोर एक आलेख ठेवला होता. कार्यक्रम सुरू होण्याआधी उंच रेघ, सुरू झाल्यानंतर बुटकी. मला वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ज्यांना कार्यक्रम मिळाला नाही, त्यांची रेघ कुठंय?" ती माझ्याकडे नव्हती. सहा महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून आजची ही पोस्ट.

उदाहरण अमेरिकेतलं घेतो. न्यू जर्सी राज्यात, फिलाडेल्फियाच्या समोर नदीपलीकडे, कॅम्डेन नावाचं एक गरीब शहर आहे. तिथले फॅमिली डॉक्टर जेफ्री ब्रेनर यांनी शहरातल्या हॉस्पिटलांच्या बिलांचा डेटा एकत्र केला. त्यातून दिसलं, की अवघ्या १ टक्का रुग्णांवर ३० टक्के खर्च होतोय. ही माणसं पुन्हा पुन्हा भरती होत होती. अनेकांना मधुमेह किंवा हृदयविकार होता, पण सोबत राहायला नीट घर नसणं, व्यसन, एकटेपणा हेही होतं. नुसत्या गोळ्यांनी सुटणारा प्रश्न नव्हता.

म्हणून कॅम्डेन कोअलिशन या संस्थेने आरोग्यसेवा आणि सामाजिक मदत एकत्र बांधली. हॉस्पिटलांची माहिती जोडणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून रोज कळायचं, की आज कोण भरती आहे आणि गेल्या सहा महिन्यांत आधी किती वेळा येऊन गेलंय. अशा रुग्णाला टीम वॉर्डातच गाठायची. टीममध्ये नर्स, सोशल वर्कर, आरोग्य कार्यकर्ते. डिस्चार्जनंतर घरी जायचं, औषधं लावून द्यायची, डॉक्टरकडे सोबत जायचं, सरकारी मदतीचे अर्ज भरायचे. २०११ मध्ये अतुल गवांदे यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये यावर लिहिलं आणि देशभर नाव झालं. २०१३ मध्ये ब्रेनर यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

आता खरी गोष्ट. नाव झालेलं असताना संस्थेने स्वतःची परीक्षा द्यायचं ठरवलं. एमआयटीच्या अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाईन यांच्या गटाने २०१४ ते २०१७ या काळात ८०० रुग्ण घेतले. चक्क लॉटरी काढून निम्म्यांना टीमची मदत दिली, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. टीमकडे सगळ्यांसाठी माणसं नव्हतीच, त्यामुळे लॉटरी अन्यायाचीही नव्हती. मग हॉस्पिटलांच्या डिस्चार्ज नोंदींवरून पाहिलं, की १८० दिवसांत परत भरती कोण झालं. निकाल २०२० मध्ये आला. मदत मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के, न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ शून्य.

पण लॉटरी काढलीच नसती तर काय दिसलं असतं? अभ्यासात घ्यायची अटच अशी होती, की आधीच्या सहा महिन्यांत निदान एकदा तरी भरती झालेली असावी. म्हणजे 'आधी'चा आकडा १०० टक्के. 'नंतर'चा ६२. ३८ची घसघशीत घट! कुठल्याही अहवालात पहिल्या पानावर छापावी अशी. आणि ती तितकीच घट, काहीही जादा न मिळालेल्या गटातही झाली होती.

याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आपल्याकडे गमतीने सांगतात ना, औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवडा लागतो. तेच हे. आपण डॉक्टरकडे जातो ते त्रास सगळ्यात जास्त असताना. तिथून बहुतेक वेळा खालीच यायचं असतं. डेटा प्लॅटफॉर्म तर हे अधिकच पक्कं करतो, कारण तो माणसं नेमकी त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांत शोधून काढतो. जितकी निवड अचूक, तितकी आधी-नंतरची तुलना फसवी.

मग प्लॅटफॉर्म निरुपयोगी का? अजिबात नाही. याच अभ्यासात त्याने तीन कामं चोख केली. एक, योग्य रुग्ण वेळेवर सापडले. दोन, रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलात गेला तरी नोंदीतून निसटला नाही. घरोघर सर्व्हे केला असता तर यातले कितीतरी जण हरवले असते. तीन, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालला का हे कळलं. ठरलं होतं, की डिस्चार्जनंतर पाच दिवसांत घरभेट आणि सात दिवसांत डॉक्टरची भेट. दोन्ही वेळेत जमलं ते एक तृतीयांशाहूनही कमी रुग्णांच्या बाबतीत. पुढे सरकारी विम्याचा डेटा जोडल्यावर असंही दिसलं, की टीममुळे बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं खरोखर वाढलं होतं. म्हणजे प्रयत्न वाया नव्हता. पण डॉक्टरकडे नेऊन सोडणं पुरेसं ठरलं नाही. 'फसलं' एवढ्यावर न थांबता कुठली कडी तुटली हे दाखवणं, सुधारणेसाठी डेटा लागतो तो इथे.

आता थोडा गृहपाठ, आपल्याकडचा. क्षयरोगाच्या रुग्णांची नोंद २०१२ पासून निक्षय पोर्टलवर होते. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेचे पैसे याच नोंदीच्या आधारे थेट बँक खात्यात जातात. आधी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. उपचार आणि सामाजिक मदत एकाच प्लॅटफॉर्मवर! समजा तुम्ही पाहिलंत, की पैसे मिळालेल्यांमध्ये उपचार पूर्ण करणारे जास्त आहेत. लगेच 'योजना यशस्वी' लिहाल?

थांबा. जो पहिल्या महिन्यातच दगावला किंवा उपचार सोडून गेला, त्याला पुढचे हप्ते मिळणारच कसे? पैसे मिळाले म्हणून तो टिकला, की टिकला म्हणून पैसे मिळाले? आणि ज्याचं बँक खातंच नाही, जो कामासाठी गाव सोडून फिरतोय, तो पैसे न मिळालेल्यांत जाणार. त्याचे उपचार सुटण्याची कारणंही तीच असू शकतात. इथे लॉटरी काढता येणार नाही, पण तुलना नीट बांधता येते. उदाहरणार्थ, ज्या दिवशी पहिला हप्ता एकाला मिळाला, त्या दिवसापर्यंत उपचारावर असलेल्या दुसऱ्या रुग्णाशीच त्याची तुलना करा. वय, आजाराचा प्रकार, जिल्हा शक्य तितके जुळवा. शिवाय पैसे जिथे निव्वळ कार्यालयीन दिरंगाईने उशिरा पोचले, तिथे काय झालं तेही बघा.

प्रपोजल लिहिताना डेटाची फाईल उघडायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा: माझ्या यादीत माणसं कशामुळे आली? काहीच केलं नसतं तर त्यांचं काय झालं असतं? ते मला कुणाकडे बघून कळेल? तिसऱ्या ओळीला उत्तर सुचत नसेल तर फाईल उघडू नका, आधी गाईडकडे जा. निक्षयच्या गृहपाठात मी न सांगितलेली आणखी एखादी अडचण सापडली तर जरूर कळवा. माझ्या मते अजून निदान दोन तरी आहेत.